नऊ पाचचा फोन

दादाचा टाइप केलेला कागद तिने कात्रीत धरला, तसा तो खुर्चीतून उठलाच.

"अगं अगं! काय करतेस? उद्या द्यायचाय तो!"

"बस खाली. नवीन करूनच देणार आहे मी." आणि तिने पहिलं वाक्य कापून वेगळं केलंसुद्धा.

क्लासातली मंडळी तिला पाठीमागे 'कात्रीबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पंधरा वर्षं ती मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवत होती. ड्रायव्हर, नर्स, दुकानदार, सगळ्यांचं घोडं अडायचं ते एकाच ठिकाणी. सुटी वाक्यं कशीबशी यायची. दोन वाक्यं जोडायची म्हटली की पाचावर धारण बसायची. मग कुठून तरी ऐकलेले वजनदार शब्द ते मध्ये कोंबायचे. म्हणून तिने आपला एक नियम करून टाकला होता. आधी परिच्छेद कापायचा, एका पट्टीवर एकच घटना. 'बट', 'देअरफोर', 'ऑलदो' असले जोडणारे शब्द कापून बशीत काढायचे. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने वेळ लिहायची, वेळेप्रमाणे पट्ट्या लावायच्या, आणि मगच बशीत हात घालायचा. वय, हुद्दा, नातं काही असो, या नियमातून कुणाची सुटका नव्हती.

दादा एका मोठ्या लॉन्ड्रीत शिफ्टचा मुख्य होता. हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुतल्या जात आणि गरम रोलरखालून कडक होऊन बाहेर पडत. गेल्या सोमवारी रोलरवर काम करणाऱ्या बाईचा उजवा हात चादरीबरोबर आत ओढला गेला. चार बोटं गेली. रोलरच्या तोंडाशी हात जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी बसवलेली असते, ती त्या वेळी जागेवर नव्हती. आता प्रश्न एवढाच होता, की जाळी काढली कुणाच्या मर्जीने. बाईने आपल्या मनाने काढली असेल तर बाईला घरी बसवणार. दादाने काढायला लावली असेल तर दादाला. उद्या अकराला चौकशी होती. वरचे साहेब दुसऱ्या देशातले, म्हणून दादाचा हा जबाब इंग्रजीत हवा होता.

"बाईनेच काढली. घाई, दुसरं काय," असं दादा आठवडाभर सांगत होता. तिने एकदाही उलट विचारलं नव्हतं. दादावर नाही ठेवायचा विश्वास तर ठेवायचा कुणावर?

"हा 'मीनव्हाईल' कुणी घातला रे?"

"ऑफिसातल्या टायपिस्टने. म्हणाला, भारी शब्द आहे, कुठेही बसतो."

"कुठेही बसतो म्हणूनच तर ताप आहे." तिने तो शब्द कापून बशीत टाकला. "हे बघ, असले शब्द एकटे दोन वाक्यं धरून ठेवू शकत नाहीत. त्यांच्या आधी 'अँड' लागतो. 'अँड' म्हणजे गाठोड्याची दोरी, आणि हा म्हणजे वरची चिठ्ठी. आत काय बांधलंय ते चिठ्ठीवरून कळतं."

"आणि चिठ्ठी चुकीची लावली तर?"

"तरी गाठोडं घट्टच राहतं. तिथेच तर लोक फसतात."

दादा हसला. आठवड्यात पहिल्यांदा हसला असावा. त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

"चल, वेळा सांग. बाई कामावर आली?"

"आठ."

"जाळी निघाली?"

"नऊला."

"मेकॅनिकला फोन?"

"नऊ पाच."

"हात अडकला?"

"नऊ चाळीस. मशीन बंद, नऊ एक्केचाळीस."

धडाधड उत्तरं. बावीस वर्षं शिफ्टचं रजिस्टर भरलेला माणूस तो! स्वतःच्या लग्नाची तारीख बायकोला विचारायचा, पण घड्याळ विचारलं की आकडा जिभेवर तयार. तिने आकडे लिहिले आणि सवयीने पट्ट्या सरकवायला लागली. फोनची पट्टी मूळ कागदात हात अडकल्याच्या वाक्याखाली होती. ती उचलून तिने वर ठेवली.

मग तिचा हात तिथेच थांबला.

"दादा, फोन आधी केलास?"

दादाने कप खाली ठेवला. तो टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघत राहिला, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात येताना तिला स्पष्ट दिसलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणापासून त्याचं हे असंच.

"म्हणजे जाळी नाहीये, हे तुला नऊ पाचला माहीत होतं."

दादाने एका पट्टीची वळलेली कड बोटाने सपाट केली.

"मग पुढची पस्तीस मिनिटं रोलर चालू कसा?"

"वरचे दोन स्क्रू पडले होते," तो अखेर म्हणाला. "जाळी लोंबत होती, चादरी अडकायला लागल्या. मीच म्हटलं, काढून ठेव बाजूला, मेकॅनिक येतोय. बाहेर हॉस्पिटलची गाडी येऊन थांबली होती गं. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता."

"ती काही म्हणाली नाही?"

"म्हणाली. भीती वाटते म्हणाली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी म्हटलं, एवढी वर्षं करतेस, आजच काय नवीन नवरी झालीस? बाकीच्या बायका हसल्या. मग लावला तिने हात."

तिला त्याचा राग आला, असा की समोरच्या पट्ट्या उधळून द्याव्यात. आठवडाभर वहिनीच्या, पोरींच्या, तिच्या तोंडावर तो खोटं बोलला होता. आणि त्या रागाच्या पोटातच तिला भलताच कळवळा आला. वडील गेले तेव्हा दादा सोळाचा होता. शाळा सोडून तो त्याच लॉन्ड्रीत लागला, म्हणून ती पुढे कॉलेजात गेली. त्या पहिल्या वर्षी त्याच्या तळहातांची सालं निघायची. आई रात्री तेल लावायची आणि तो 'काही नाही गं, काही नाही' म्हणायचा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

"तू जोड ना," दादा खालच्या आवाजात म्हणाला. "तुला कसंही जोडता येतं."

"आणि त्या बाईचं काय?"

"माझ्या दोन पोरी आहेत."

"तिलाही असतील."

"एक मुलगा आहे," दादा म्हणाला. दोन्ही कप उचलून तो मोरीत विसळायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. पहिल्यांदा तिने दादाच्या मनासारखं लिहिलं. हात अडकला, 'अँड मीनव्हाईल', म्हणजे त्याच दरम्यान, मेकॅनिकला बोलावलं. वाचून बघितलं. काय सुरेख झालं होतं! कुठे खटका नाही, कुठे शिवण दिसत नाही. क्लासातल्या कुणी लिहून आणलं असतं तर तिने शाबासकी दिली असती. तिने ते सगळं पुसलं.

मग टेबलावरच्या पट्ट्या होत्या तशाच क्रमाने तिने जबाब लिहिला. जाळी मीच काढायला लावली होती. मेकॅनिकला फोन हात अडकण्याआधी पस्तीस मिनिटं केला होता. बाईला भीती वाटत होती आणि तिने तसं सांगितलं होतं, तरीही माझ्या सांगण्यावरून तिने काम चालू ठेवलं. सहा वाक्यं झाली. प्रिंटरमधून कागद बाहेर आला तेव्हा दादा हात पुसत तिच्यामागे उभा होता.

"झालं?"

"झालं."

"नीट?"

"नीट."

यापुढे एक शब्द बोलायची तिची छाती झाली नाही. दादाचं इंग्रजी जेमतेम. तो तिच्यावर विसंबून सही करील, उद्या साहेबांसमोर कागद ठेवील, आणि मग त्याला कळेल की सख्ख्या बहिणीनेच आपला गळा कापला. निदान ती बाई तरी कामावर राहील, असं तिने मनाला बजावलं, पण मन काही ऐकेना. दादाने चष्मा लावला, कागद लांब धरला, ओळींवरून बोट फिरवलं, जसं तो कुठल्याही कागदावरून फिरवायचा.

"सही कुठे?"

तिने जागा दाखवली. त्याने सही केली, खाली तारीख घातली, आणि सवयीने वेळही. चार दहा. कागदाची घडी करून त्याने वरच्या खिशात ठेवली आणि दाराशी जाऊन बूट घालायला बसला.

एका बुटाची नाडी बांधून होईपर्यंत ती कशीबशी उभी राहिली. दुसऱ्याला मात्र तिला राहवेना. तिला रडूच आलं.

"दादा, थांब. नको नेऊस तो. त्यात मी काय लिहिलंय ते तुला..."

"वाचलं मी."

"तुला काय कळलं त्यातलं?"

"रोलरवर इंग्रजी पाटी आहे," दादा मान खाली घालून नाडी बांधत म्हणाला. "हात घालण्याआधी मशीन बंद करा. बावीस वर्षं रोज वाचतोय. 'बिफोर' मला कळतं गं."

तिने दाराच्या चौकटीला धरलं. दादा उठला, गुडघे झटकले, खिशातला कागद एकदा चाचपला.

"निघतो. तुझ्या वहिनीला अजून खरं काय ते माहीत नाही," तो म्हणाला. "तिला कसं सांगायचं, तेवढं बघतो वाटेत."