माझ्या पलीकडचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. साधीसुधी नाही, दोन घरांच्या मधली सामाईक भिंत! एका घराची भिंत होणे सोपे असते. दोन घरांची भिंत व्हायला मात्र पोट मोठे लागते, कारण इकडचे तिकडे सांगायचे नसते. भिंतीला कान असतात हे तुम्ही ऐकलेच असेल. आज मी तोंडही उघडणार आहे, कारण माझी गोष्ट जिंकण्याची आहे.

मला एका तिरसट गवंड्याने उभे केले. विटेगणिक ओळंबा लावायचा आणि विटेगणिक कुणाला तरी ओरडायचे, ही त्याची पद्धत. काम संपल्यावर तो म्हणाला, "आधी मी पडेन, मग ही." बिचारा गेला, मी उभीच आहे.

माझ्या एका अंगाला बाइंडरचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, त्यात बाइंडर, त्याची बायको आणि मुलगी. फाटकी पुस्तके शिवायची, पुठ्ठे चिकटवायचे, वर कापड चढवायचे. दुसऱ्या अंगाला शिकवणीच्या बाई राहत. इकडे ठोकाठोक, तिकडे पाढे! बाइंडर नव्या बांधणीच्या पुस्तकांची चळत मला टेकवून ठेवी आणि म्हणे, "हिच्याइतकी कोरडी जागा सगळ्या गल्लीत नाही." हे ऐकून मला काय वाटे म्हणून सांगू!

पुढे शिकवणीच्या बाई वारल्या. त्यांच्या घराला कुलूप लागले. त्या बाजूचा छपराचा पाइप फुटला आणि पावसाचे सगळे पाणी माझ्या पाठीवर पडू लागले. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. ओल पार कारखान्याच्या बाजूला फुटली, तेव्हा बाइंडरच्या बायकोने पाहिले.

"अहो, हे बघितलंत का? गिऱ्हाइकाच्या पुस्तकाला बुरशी आलीय!"

गवंड्याला बोलावले. हा नवा गवंडी, पण बोलायला जुन्यासारखाच. "रोग पलीकडे आणि मलम अलीकडे, काय उपयोग? तिकडून पाइप बदला, गिलावा करा. नाहीतर पुढच्या पावसाआधी ही भिंत उतरवावी लागेल."

खरे सांगते, मी घाबरले. बाइंडरही खाली बसला. भिंत गेली की कारखाना गेला, आणि त्यांचे पोट त्याच खोलीवर होते.

पण पलीकडच्या घराचा आता मालक कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते. बाइंडरने कुलूप तोडायची भाषा केली, तेव्हा बायको कडाडली. "परक्याचं घर आहे ते! रीतसर विचारा."

मुलगी नगरपालिकेत गेली आणि तोंड पाडून आली. मालकाचे नाव दप्तरी होते, पण खिडकीवरच्या बाईंनी फोन नंबर दिला नाही. उलट विचारले, "उद्या तुमचा नंबर मागायला कुणीही आलं, तर देऊ का आम्ही?"

"बरोबरच आहे की तिचं," आई म्हणाली. "मग दुसरा काही मार्ग?"

मार्ग होता. लेखी अर्ज करायचा, कारण सांगायचे, फोटो जोडायचे. कार्यालय तो मालकाकडे पाठवणार. मालकाला वाटले तर तो आपणहून फोन करणार.

झाले! बाइंडर अर्जाला लागला. जन्मात पहिल्यांदा माझे फोटो निघाले, तेही अशा अवतारात. आणि मग त्याने घोळ घातला. सुटी पाने त्याला बघवतच नाहीत. त्याने अर्ज शिवला, पुठ्ठा लावला, हिरवे कापड चढवले आणि वर सोनेरी अक्षरांत 'अर्ज' असे छापले.

"बाबा, अर्ज आहे हा, ग्रंथ नाही!"

"सुटी पानं हरवतात," तो म्हणाला.

खिडकीवरच्या बाई चक्रावल्या. अर्ज फाइलला लावायचा तर त्याला भोके पाडावी लागतात. त्यांनी यंत्र पुढे ओढताच बाइंडरने अर्ज छातीशी धरला. "बाई, हवं तर माझ्या कानाला भोक पाडा. याला नको!" सगळे कार्यालय हसले. बाईंनी तो अर्ज तसाच टेबलावर ठेवून घेतला. घरी हे कळल्यावर मी कपाळाला हात लावला असता, पण भिंतीला हात कुठले?

पण गंमत ऐका. बाकीचे अर्ज फाइलीत गेले आणि फाइली कपाटात गेल्या. आमचा मात्र कुठेच मावेना! येणारा-जाणारा तो उचली, चाळी आणि फोटोतले माझे भिजके अंग पाहून हळहळे. शेवटी साहेबांनीच विचारले, "हे अजून इथंच कसं?" आणि ते हिरवे पुस्तक जसेच्या तसे मालकाकडे रवाना झाले. हे सारे त्या बाईंनीच नंतर मुलीला सांगितले.

एका दुपारी कारखान्यातला फोन वाजला. फोनवर एक नर्स बोलत होती, शिकवणीच्या बाईंची भाची आणि आता त्या घराची मालकीण. "मावशीच्या घराची ही दशा झालीय, मला कुणी कळवलंच नाही हो. पुस्तक उघडलं आणि रडूच आलं."

ती आली. कुलूप उघडले. किती दिवसांनी माझ्या पाठीवर ऊन पडले! पाइप बदलला, दोन्ही अंगांना गिलावा झाला, आणि मी हाडापर्यंत वाळले. बाइंडरने पुन्हा मला चळत टेकवली आणि म्हणाला, "हिच्याइतकी कोरडी जागा सगळ्या गल्लीत नाही." माझी छाती अशी फुगली की नव्या गिलाव्याला तडा जाईल म्हणून मीच स्वतःला आवरले.

निघताना नर्स म्हणाली, "माझा नंबर लिहून घ्या." बाइंडर कागद शोधू लागला. खोलीभर कागदच कागद, पण सगळे गिऱ्हाइकांचे! तिने त्याच्या कानामागची पेन्सिल काढली आणि नंबर सरळ माझ्यावर लिहिला.

"अगं, नव्या गिलाव्याच्या भिंतीवर?" बायको म्हणाली.

"तिच्यासाठीच तर आहे हा नंबर," नर्स म्हणाली.

मित्रांनो, भिंतीवर लिहू नये, हे तुम्हाला शिकवतात ते योग्यच आहे. पण हा नंबर मी मिरवते. तुमच्या भिंतीलाही एक पलीकडची बाजू आहे. आजच जा, ते दार वाजवा, त्यांचा नंबर मागा आणि आपला देऊन या. दाराला कुलूप लागण्याची वाट पाहू नका.