मांडवाबिगर धवला

"ती काटकी आधी काढा," मी म्हटलं. "हा कॉम्प्युटर आहे, देव्हारा नाही."

गणूने गोधडीत गुंडाळून आणलेलं कॅबिनेट माझ्या टेबलावर ठेवलं होतं. त्याच्या वरच्या कोपऱ्याला सुतळीने उंबराची डहाळी बांधलेली. पानं कधीच गळून गेली होती, काडी तेवढी उरली होती. मी कात्री उचलली तसा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा तो धिप्पाड माणूस एकदम मधे आला.

"तिला हात नको लावू, ताई. तो मांडव हाय."

खांदा कॉलनीत माझं रिपेअरिंगचं दुकान. लोक झुरळांसकट कॉम्प्युटर घेऊन येतात, त्याची मला सवय आहे. मांडव पहिल्यांदाच आला होता. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, सांगा बाबा काय ते.

गणू उरणकडच्या आगरी गावातला. त्याची आई ठमाबाई म्हणजे गावाची धवलारीण. त्यांच्या लग्नात भटजी असला तरी धवलारणीशिवाय पान हलत नाही. मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला तिने धवला गायचा, मगच तो विधी लागू. शिमग्यानंतर ठमाबाईला अर्धांगवायूचा झटका आला. तब्येत थोडी सुधारली, पण वाचा गेली ती गेलीच. एक शब्द नाही. पोटच्या पोराला नावाने हाक मारता येत नाही.

"आन् उद्या माझ्या किशोरीची हलद हाय," गणू म्हणाला. "आयेनं तिला ल्हानपनीच सांगितलेलं, तुझ्या लग्नाला दुसरी बाय गानार नाय, मीच गाईन. किशोरीनं झटक्याच्या आधी सगले धवले याच्यात भरून ठेवलेत. आन् आता ह्यो चालूच होत नाय. त्या नाक्यावरचा बोलला, फॉरमॅट मारतो, अर्ध्या तासात देतो."

"फॉरमॅट मारला की आईचा आवाजही पुसला जाईल, हे सांगितलं का त्याने?"

गणूचा चेहरा पांढराफटक पडला. मेला तो नाक्यावरचा! माणूस मेला काय नि जगला काय, ह्याचं फॉरमॅट ठरलेलं.

मी मशीन क्षणभर चालू केलं आणि लगेच बंद केलं. हार्ड डिस्क आतून टक टक करत होती. डिस्क शेवटच्या घटका मोजत होती. अजून एकदा धड चालेल, दोनदा चालेल, कुणी सांगावं?

"हिला उगाच उठवायचं नाही," मी सांगितलं. "लाइव्ह सीडी घालायची. म्हणजे सगळी सिस्टम सीडीवरूनच चालू होते, डिस्कवर काही लिहीत नाही. आपण फक्त आतल्या फाइल्स उचलायच्या आणि पेन ड्राइव्हवर घ्यायच्या."

माझी जुनी सीडी चरे पडून निकामी झालेली. नव्या सीडीची फाइल नेटवरून उतरवायला लावली. आमचं पनवेल आणि त्या वर्षीचं भारनियमन! मधेच लाईट गेली, आली, डाऊनलोड अडखळत पुढे सरकलं आणि एकदाचं संपलं. गणू उठून उभाच राहिला.

"झालं ना? टाक सीडीवर."

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. बसा खाली."

साइटवर त्या फाइलची खूण दिलेली असते, आकडे आणि अक्षरांची एक लांब ओळ. आपल्याकडे आलेल्या फाइलवरून तशीच ओळ काढायची. दोन्ही जुळल्या तर फाइल धड आली. एक अक्षर जरी वेगळं निघालं तर फाइल वाटेत कुठेतरी फाटली. मी दोन्ही ओळी शेजारी लावल्या. पहिल्या अक्षरापासूनच फरक.

"परत उतरवायला लागेल. उद्या दुपारी या."

"उद्या?" गणूचा आवाज चढला. "घरात पावने जमलेत, ताई! आमी देव पान्यात घालून बसलोय, आन् तू अक्षरं जुलवतेस?"

"हो, जुळवते!" मीही ओरडले. "फाटकी सीडी मधेच अडकली तर तुमच्या आईचा आवाज कायमचा जाईल. मग येऊन माझ्याच नावाने बोंबलाल. नको असेल तर उचला हे आणि न्या नाक्यावर."

तो गेला. कॅबिनेट मात्र ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी फाइल पुरती उतरली. ओळ जुळवली. जुळली. जीव भांड्यात पडला. सीडी लिहिली, तीही तपासली. दुपारी गणूचा टेंपो दारात थांबला. किशोरी उतरली, हातावर मेंदी. मागून गणूने आईला उचलूनच आत आणलं. ठमाबाई म्हणजे मूठभर बाई, हिरवं लुगडं, उजवा हात मांडीवर निपचित. पण डोळे कसले! माझ्याकडे असं पाहिलं की मी आपसूक उभी राहिले.

"ऐकतच नाय," किशोरी कुजबुजली. "आजी बोलली, मीच म्हंजे मीच येनार."

"बोलली?"

"डोल्यांनी, ताई."

सीडी घातली. डिस्कने टकटक सुरू केली, आणि थोड्या वेळाने पडद्यावर नवी सिस्टम उभी राहिली. आतलं फोल्डर सापडलं. हलद, उंबर, तेलवन, अशी एकेका विधीची फाइल. मी सगळ्या पेन ड्राइव्हवर घेतल्या. शेवटची आली आणि डिस्क बंद पडली, ती पुन्हा काही फिरली नाही. किशोरीने मला मिठीच मारली. पण माझी नजर पडद्यावर होती. सगळ्या फाइल्सचा आकार सारखाच. हे कसं होईल?

"किशोरी, भरल्यावर एकदा तरी ऐकलं होतंस?"

"नाय ना. मांडवाबिगर धवला वाजवायचा नसतो. गायचा पन नसतो. उंबराबिगर मांडव नाय, म्हनून आजीनं कॉम्प्युटरला उंबराची डहाली बांधायला लावली, तवा गायली. मी बटन दाबायची, डोले मिटून बसायची, धवला संपला की सेव करायची. आजी गाताना मधे बघायचं नसतं."

विंडोजचा आवाज भरायचा रेकॉर्डर एका मिनिटाला आपोआप थांबतो. हे या पोरीला कोण सांगणार?

"आत्ताच्या आत्ता ऐकायला हवं," मी म्हटलं.

"इथं नाय," गणू म्हणाला. "अपशकून हाय."

ठमाबाईने डावा हात उचलला. आधी कॅबिनेटवरच्या त्या वाळक्या काडीकडे दाखवला, मग माझ्याकडे. लाव.

मी 'उंबर' लावलं. दुकानात तिचा आवाज भरला. जाडसर, खणखणीत, जराही घाई नसलेला. गणूने डोक्याची टोपी काढली.

"उंबर कोनी गो आनिला, मांडवाच्या दारी… उंबर आनाया गो गेला, नवरीचा…"

आणि थांबला. शब्दाच्या तोंडाशी येऊन थांबला.

किशोरीला कळलं आणि ती मटकन खाली बसली. "आजी, मी अर्धाच भरला… सगले अर्धेच!" धवला अर्धा सोडणं त्यांच्यात फार वाईट. सगळी अक्षरं जुळवून मी त्यांना ही अर्धवट गाणी काढून दिली होती. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

ठमाबाई पडद्याकडे बघत होती. तिचा श्वास वर चढला. ओठ वाकडे होऊन थरथरले. मला वाटलं, आला दुसरा झटका.

"…बापूस," ती म्हणाली.

बोलली नाही, गायली. खरखरीत, फाटका सूर, पण सूरच. "नवरीचा बापूस… उंबर आनाया गो गेला…" आणि पुढची ओळ, आणि त्याच्या पुढची. धवला पुरा झाला तेव्हाच ती थांबली.

नवरीचा बापूस भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडत होता. मग तो आईच्या पायाशी बसला. "आये, बोल ना काय तरी. गणू म्हन. येकदा गणू म्हन."

तिने प्रयत्न केला. गळ्याच्या शिरा ताठल्या, तोंड उघडलं, घशातून नुसती घरघर आली. पुन्हा केला. डोळ्यांतून पाणी आलं, नाव नाही आलं. तिने मान हलवली, डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि माझ्या स्क्रीनकडे बोट केलं.

गणूने बाहीने तोंड पुसलं.

"ताई, म्होरचा लाव," तो म्हणाला. "जितं थांबंल, तितनं आये गाईल."

मी 'हलद' लावलं.