पेत्राची खुर्ची

आमच्या गावात हेवा मिठासारखा आहे. प्रत्येक घरात असतो. कुणी झाकण लावून ठेवतं, कुणी उघडा. निकानोरचा उघडाच होता. त्यात माझं दुकान त्याच्या दारासमोर, त्यामुळे झाकला असता तरी मला दिसलाच असता.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी आमच्या देवळात बारा गडी येशूचे प्रेषित होऊन खुर्च्यांवर बसतात, आणि फादर गुडघे टेकून त्यांचे पाय धुतात. निकानोरचा बाप मरेपर्यंत पेत्र, म्हणजे त्यांतला पहिला, होता. पहिली खुर्ची, पिवळा झगा, कमरेला लाकडी किल्ली, आणि घरी जाताना काखेत पेत्राचा मोठा पाव. बाप गेला तेव्हापासून निकानोरचा डोळा त्या खुर्चीवर. देवळाचं अंगण तो झाडतो, मिरवणुकीत मेरीमातेची पालखी खांद्यावर घेतो, माडीच्या थेंबाला शिवत नाही. पुण्याची बाजू भरभक्कम. फक्त ती किती भरली हे त्याला देवापेक्षा जास्त पाठ.

यंदा गुरुवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी देवळाचा कारभार बघणाऱ्या मानांग बेनिंगने नावं वाचली; थोरल्या बाईला आमच्याकडे मानांग म्हणतात. "पेत्र, आर्तेमियो."

म्हणजे तेम्यो! त्याच्या पोरीचा धर्मबाप निकानोरच, म्हणून दोघं एकमेकांचे पारे. तेम्योची बायको हाँगकाँगला लोकांची मुलं सांभाळते, पोर आजीकडे, आणि हा नाताळापर्यंत माडीत आणि कोंबड्यांच्या झुंजीत बुडालेला.

"नाताळाला माडी सोडली आणि ईस्टरला पेत्र!" निकानोर माझ्या बाकावर बसून म्हणाला. "मी कधी प्यायलोच नाही, हीच माझी चूक."

"मग आता पी," मी म्हटलं. "पुढच्या नाताळाला सोड."

"तुम्ही त्याला आणखी चढवू नका हो, मानांग," त्याची बायको सालिंग खिडकीतून ओरडली. "झोपेतसुद्धा पेत्र पेत्र करतो. माझं नाव कधी घेतलं नाही झोपेत!"

पुढचे दिवस तेम्यो समोरून गेला की निकानोरला दोरी वळायची आठवण व्हायची. मान वर नाही. तेम्यो बिचारा "काय पारे?" म्हणायचा, आणि निकानोर दोरीलाच उत्तर द्यायचा.

गुरुवारी दुपारी पाहते तर सालिंग नवऱ्याचे पाय लिंबाच्या सालीने घासतेय. टाचा, नखं, सगळं.

"नाव दुसऱ्याचं, आणि पाय याचे कशाला?" मी विचारलं.

"कुणी आजारी-बिजारी पडलंच तर," निकानोर म्हणाला. मग मलाच दटावून, "मी कुणाचं वाईट चिंतत नाही हं. पण तयारी असावी माणसाची."

नेमका त्याच वेळी तेम्योही पायच घासत होता. फादरांच्या नाकाला मासळीचा वास नको, म्हणून ओहोटीच्या पाण्यात उभा राहून वाळूने. वाळूत पाकट नावाचा चपटा मासा दडलेला. त्यावर पाय पडला आणि शेपटीचा काटा थेट घोट्यात.

जाळी सुकवणाऱ्यांनी त्याला उचलून घरी टाकलं आणि मला हाक मारली, कारण गावात सदा पेटलेली चूल माझी. पाकटाच्या विषाला सोसेल तितकं गरम पाणी, एवढाच आमच्याकडे इलाज. देवळाची वेळ झाली तसे ते सगळे गेले. तिकडे मानांग बेनिंगने निकानोरला निरोप धाडला: तेम्योकडून झगा घे आणि लवकर येऊन पहिल्या खुर्चीवर बस.

तो चिखल तुडवत पळतच आला. झगा खिळ्याला टांगलेला, कडक इस्त्रीचा. तेम्यो बांबूच्या जमिनीवर उशी चावत पडला होता. पाय सुजून जांभळा.

"घे, पारे. घाल," तो म्हणाला. "तुझ्या बापाचाच आहे. मला ढगळ होत होता."

निकानोरने घातला. बेतून शिवल्यासारखा बसला. किल्ली कमरेला लावताना त्याचा चेहरा असा खुलला, की आता पाय धुवायचीही गरज नाही असं मला वाटलं. तेवढ्यात गौरवगीताच्या घंटा सुरू झाल्या. त्या थांबल्या की शनिवारपर्यंत वाजत नाहीत, आणि त्यानंतर थोड्याच वेळात पाय धुणं.

खांबांवरच्या त्या घराची शिडी तो उतरला. मी दुसरी किटली आणायला निघाले होते. वर तेम्यो कळवळला, "मानांग, पाणी थंड झालं हो!"

निकानोर शेवटच्या पायरीवर थांबला. देवळाकडे बघितलं. घंटा वाजतच होत्या.

"त्याला सांगा जरा कळ काढ," तो मला म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "कशी काढणार? पाकट आहे ते." आणि मायेने देतात तशी एक शिवी देऊन परत वर चढला.

मी किटल्या आणत राहिले, तो ओतत राहिला. आधी स्वतःचा हात बुडवायचा, मग तेम्योचा पाय. झग्याची पिवळी बाही कोपरापर्यंत भिजली. घंटा थांबल्या. मग कर्ण्यातून फादरांचं प्रवचन, मग पाय धुण्याचं गाणं.

ते गाणं ऐकून निकानोरचा हात थांबला. मांडीवरच्या पायाकडे बघत तो म्हणाला, "बघ तुझं नशीब. तिकडे गेला नाहीस, तरी तुझे पाय धुतले गेलेच. लिंबाने घासलेले माझेच कोरडे."

दुखण्यातही तेम्यो हसला. "आण इकडे, पारे. उरलंय थोडं पाणी."

"तुझ्या हातून? मला फादरच पाहिजेत!"

सकाळी मानांग बेनिंग माझ्या दुकानापुढे उभी राहून निकानोरवर बरसली. "पेत्राची खुर्ची रिकामी! फादरांनी तरी तिच्यापुढे गुडघे टेकले. लोक बघत राहिले."

"आणि पाव?" निकानोरने विचारलं.

"तेम्योकडे पाठवला. नाव त्याचंच होतं ना."

निकानोरचा चेहरा उतरला. घरात गेला, भांडी आपटल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने तरातरा बाहेर पडला.

"कुठे?" मी विचारलं.

"अर्धा पाव मागायला. सोडतो की काय!"

त्याच्या हातात वाफाळती किटली होती, आणि काखेत स्वच्छ फडकं.