वच्छलाबाईंची बुटकी खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, बुटकी लाकडी खुर्ची आहे. खुर्चीने ऐकावे, बोलू नये, असे मला नेहमी वाटत आले. त्यामुळे हे सारे नीट सांगता येईल की नाही, याची धास्ती आहेच. चुकले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म अंजनगाव सुर्जीचा. खुशालराव सुतारांनी कुणाच्या तरी घराची सागवानी चौकट केली आणि उरलेल्या तुकड्यांतून मला घडवले. "पोरं बसतीन," एवढेच म्हणून त्यांनी मला बालवाडीच्या वच्छलाबाईंकडे पाठवले. पहिल्या दिवशी रडणारे मूल बाई आपल्या शेजारी, माझ्यावर बसवत. थोड्या वेळाने ते रडणे विसरून माझ्या काठावर नखाने रेघा ओढू लागे. "या खुर्चीत काही जादू आहे," असे आया म्हणत. जादू बाईंची होती. पण ते ऐकून मला बरे वाटे, हे कबूल करते.

बाई निवृत्त झाल्या आणि अमरावतीला मुलाकडे राहायला आल्या. मी माळ्यावर गेले. माझ्यावर कूलरच्या जुन्या जाळ्या ठेवल्या गेल्या. कितीतरी उन्हाळे मी खालची बोलणी नुसती ऐकत होते.

मग एकदा शेजारची एक आई बाईंकडे आली. खाजगी शाळेत मुलाचे नाव घालायचे होते. शाळेत आधी 'भेट' असते. तिला परीक्षा म्हणत नाहीत, पण घाबरतात परीक्षेसारखेच. बाईंनी मला खाली उतरवले, पुसले आणि टेबलासमोर ठेवले. माझ्या दोन बाजूंना आईबाबांसाठी दोन मोठ्या खुर्च्या. तेव्हापासून बाई घरीच या भेटीचा सराव घेऊ लागल्या. स्वतः चष्मा लावून टेबलामागे बसत आणि शाळेतल्या मॅडम होत. सराव खरा मोठ्यांचाच असे. "पोराला कोपरानं ढोसू नका. त्याचं उत्तर तुम्ही देऊ नका," हे त्या सगळ्यांना बजावत. ऐकून जाणारी आणि प्रवेश मिळाल्यावर पेढे घेऊन येणारी कुटुंबे वाढत गेली.

एका संध्याकाळी नांदगाव खंडेश्वरहून अमरावतीत राहायला आलेली माया आपल्या पिंकीला घेऊन आली. सोबत इस्त्रीचा शर्ट घातलेला तरुण होता. दुसऱ्याच दिवशी शाळेत भेट होती. पिंकी माझ्यावर बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

बाईंनी नाव विचारले. पिंकी गप्प. रंग विचारला. गप्प. तरुण मात्र फाडफाड इंग्रजी बोलला.

"घरी तं चूप म्हटलं तरी चूप बसत नाही, बाई," माया रडकुंडीला आली.

"असू दे. बाळा, हे कोण आहेत?" बाईंनी तरुणाकडे बोट केले.

पिंकीने माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"पप्पा म्हण," माया कुजबुजली.

"पप्पा तं बाहेर गाडीवर बसले!" पिंकी म्हणाली. तिचे हे पहिलेच बोलणे.

बाईंनी चष्मा काढला. "मग तू कोण रे?"

"काका, विपुल." तरुणाने मान खाली घातली. "दादाले वाटते, त्यानं तोंड उघडलं का पोरीचं नाव गेलं. म्हणून मले नागपूरहून बोलावलं."

"अन् पालकसभेले दर वेळी नागपूरहून येशील?"

बाईंनी मायाला नवऱ्याचे नाव विचारले आणि त्या दारात गेल्या. "धर्मेंद्र, आत या."

"मी इथंच बरा हाओ, बाई. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो, हात ऑइलचे हायेत."

"हात पाहायले कोण बसलं इथं? या!"

तो आला. पिंकी माझ्यावरून उतरून त्याच्याकडे धावली. दोन्ही मोठ्या खुर्च्या भरलेल्या. विपुल उठेपर्यंत तो संकोचाने माझ्यावरच टेकला. गुडघे हनुवटीपर्यंत आले. पिंकी लगेच त्याच्या मांडीवर चढली. दोघांचे वजन माझ्यावर आले आणि माझा मागचा पाय करकरला.

"मोडली वाटते, बाई!"

"मोडू द्या. मुलीला या शाळेत का घालता, ते सांगा."

त्याने तळहात एकमेकांवर चोळले. "मले जे येत नाही, ते तिले यावं म्हणून. दुसरं काय सांगू?"

"पप्पा मोटार उघडतात," पिंकी मध्येच बोलली, "तिच्यात तांब्याची तार असते. लाल. अन् तेल काळं असते. मी टॉर्च धरतो."

मग ती थांबेचना. बाईंनी विचारलेले सगळे रंग तिने त्या मोटारीतूनच काढून दाखवले.

"बाई, माह्यामुळे नाव नाही लागलं तं?" धर्मेंद्रने हळूच विचारले.

"तं दुसरी शाळा पाहू. लागेलच असं मी म्हणत नाही. पण बाप बाहेर अन् पोरगी दाराकडे पाहत बसली, तं ती कुठंच बोलणार नाही."

विपुल जवळ आला. "दादा, उद्या माहा शर्ट घालून जा. ऑइल लावशील तं तुह्याकडून नवा घेईन, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी धर्मेंद्र गेला. मॅडमच्या इंग्रजी प्रश्नांना त्याने वऱ्हाडीत उत्तरे दिली, असे माया नंतर हसत सांगत होती. यादी लागेपर्यंत त्या घरात कुणाला धड जेवण गेले नाही म्हणे. यादीत पिंकीचे नाव होते. त्याच्या उत्तरांमुळे, की पिंकीच्या बडबडीमुळे, ते मला कसे कळणार? मी तिथे नव्हते.

पेढे द्यायला आला तेव्हा धर्मेंद्रने सोबत लोखंडी पट्टी आणली होती. त्याने मला उलटे केले आणि पायाला पट्टी ठोकली.

मित्रांनो, मोडक्या वस्तूला एखादी पट्टी ठोकून पाहा. ती अजून कामाला येते. आणि तुमच्या शाळेत आईबाबांना बोलावले की त्यांच्या कपड्यांची, बोलण्याची लाज बाळगू नका. दाराबाहेर थांबले असतील, तर हात धरून आत आणा. खुर्ची कमी पडली, तर तुमची द्या. ती लहान असली तरी चालेल.