कुसाबाईंची हाक

छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर कुसाबाईंनी घरचे देव गोदावरीत सोडले, पण तोंडातली "आई सप्तशृंगी" काही सुटेना. ठेच लागली, दूध उतू गेलं, की आधी देवी. मुलगा भिकन विहाराचा चिटणीस. त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागे. जित्याची खोड, म्हणून तो चिडायचा.

सून मालनला मात्र ती हाक फार आवडे. कुसाबाई कॉलनीतल्या सुईण. जोर कधी करायचा ते त्या बाळंतिणीला सांगत नसत. वेळ आली की लांब सुरात देवीला हाक घालत, आणि बाई त्या हाकेसरशी जोर करी. ही हाक कुठली, असं मालननं एकदा विचारलं. कुसाबाईंची आईही सुईणच, पण गावच्या देवळात तिला पाऊल टाकायची बंदी. बाळंतपणाला निघाली की ती लांबूनच साद घालायची. नाव आत पोचावं म्हणून एवढं लांबवायची.

"देवीला ऐकू गेलं का, ते देवीला ठाव," कुसाबाई म्हणाल्या. "आईला जोर यायचा, येवढं मी पाह्यलं."

त्र्याहत्तरच्या बुद्धपौर्णिमेला भिकननं गळ घातली आणि कुसाबाईंनी बुद्धमूर्तीपुढे शब्द दिला. तेव्हापासून चटका बसला तरी ओठ मिटलेले. या वयात एवढा निग्रह! मालन थक्क होऊन बघत राही.

श्रावणात मालनलाच कळा लागल्या. दुपार कलली तरी येणारी प्रत्येक कळ वाया जात होती. कुसाबाईंचे हात पूर्वीसारखेच चालत होते, पण "आता, आता" या पुटपुटण्यात काही दम नव्हता. आपण यातून उठत नाही, असं मालनला वाटलं.

"आत्याबाई, हाक मारा," ती कशीबशी म्हणाली.

दाराबाहेरून भिकनचा रडवेला आवाज आला, "आई, शब्दातून तुला मोकळं केलं. घे देवीचं नाव."

"शब्द तुला नव्हता दिला," कुसाबाई म्हणाल्या.

कळ आली. त्यांनी मालनचे गुडघे धरले, छाती भरून श्वास घेतला आणि आईच्याच त्या लांब सुरात हाक घातली, "जय भीम!" मालनचं सगळं अंग त्या हाकेमागं धावलं.

आता जय भीम म्हटल्यावर गप्प कोण बसणार? भिकननं सवयीनं "जय भीम" म्हटलं, शेजारच्या दारातून कुणी म्हटलं, नळावरच्या बायकांनी म्हटलं. त्या गलक्यातच मुलगी रडली.

कुसाबाई नातीला हातांत धरून तशाच बसल्या आणि ढसाढसा रडल्या. त्यांच्या आईच्या हाकेला जन्मात कुणी ओ दिली नव्हती.