घट्ट तेलाने दाबलेला आवाज

मी एक जुने बेअरिंग आहे. माझी बाहेरची कडी तडकली आहे, आणि जे थोडे छर्रे उरले आहेत त्यांना खड्डे पडले आहेत.

मित्रांनो, कारखान्यातून निघाले तेव्हा मी लखलखीत होते. पोलादाच्या दोन कड्या, मध्ये गोल छर्रे आणि जन्मभर पुरेल म्हणून भरलेले ग्रीस. दोन्ही बाजूंना झाकणे लावून मला एका स्पोर्ट्स कारच्या इंजिनाच्या पोटात, एका दांड्याच्या टोकाला बसवले. दांडा गरागरा फिरे आणि मी त्याला जागचा हलू देत नसे. लोक गाडीच्या लाल रंगाची तोंडभरून स्तुती करत. माझे नाव कोणी घेत नसे, पण मला त्याचे काही वाटत नसे.

गाडीचे मालक दातांचे डॉक्टर होते. त्यांचा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काम करी. सुट्टीच्या दिवशी तो हौसेने गाडी धुऊन पुसून द्यायचा. चावी मात्र डॉक्टरांनी त्याच्या हाती कधी दिली नाही.

वर्षे गेली. झाकणांच्या फटीतून इंजिनाचे गरम तेल आत झिरपले आणि माझे ग्रीस धुऊन गेले. छर्रे कोरडे पडून खरडू लागले. झिजणे माझ्या नशिबीच होते, त्याचा दोष मी कुणालाही देत नाही. मी घरघरू लागले. तो आवाज आधी शेजारी बसणाऱ्या डॉक्टरांच्या बायकोला ऐकू आला. मग डॉक्टरांनाही आला. गॅरेजवाल्याने स्पष्ट सांगितले की आतले बेअरिंग जात आले आहे, इंजिन खाली उतरवून ते बदलावे लागेल, तोवर गाडी चालवू नका. डॉक्टर म्हणाले, "घट्ट तेल घाला. आवाज बसेल."

आवाज बसला. मी आतून फुटतच होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डॉक्टरांनी गाडी धाकट्या भावाला विकली. घरातली वस्तू घरातच राहील, म्हणाले. बिचारा हरखून गेला. आपल्या मुलीला शेजारी बसवून तो घाटाकडे निघाला. चढावर माझी कडी तडकली. दांडा डगमगला, इंजिनाची साखळी निसटली आणि आत सगळ्याचा चुराडा झाला. गाडी वळणावरच बंद पडली. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, दाबून दाबेना. गाडी मागे घसरू लागली. खालून येणाऱ्या ट्रकने कशीबशी बगल दिली. गाडी कठड्याला अडून थांबली आणि बापलेक दोघेही वाचले.

घाटाखालच्या मेकॅनिकने मला बाहेर काढले आणि म्हणाला, हे बरेच महिने ओरडत असणार. धाकट्याने मला रुमालात बांधले आणि थेट मोठ्या भावाच्या घरी येऊन मला जेवणाच्या टेबलावर ठेवले.

"दादा, तुला आवाज येत होता?"

"नाही रे. आला असता तर सांगितलं नसतं का तुला?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलेही नाही. त्यांच्या बायकोने हातातले ताट खाली ठेवले.

"भावजी, मला येत होता," ती म्हणाली. "यांनाही येत होता."

धाकटा चपला घालून निघून गेला. त्या घराची पायरी तो पुन्हा चढला नाही. डॉक्टरांनी मला भंगारात द्यायला सांगितले, पण बायकोने दिले नाही. मी अजून त्याच टेबलावर आहे. डॉक्टर ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवतात. ती माझ्यासमोर बसून जेवते.

मित्रांनो, यंत्र कुरकुरले तर त्याचे ऐका. ते तुमचे वाईट चिंतत नसते, मदत मागत असते. आणि ऐकूनही कानावर हात ठेवायचे असतील, तर निदान त्याची चावी आपल्या माणसाच्या हातात देऊ नका.