बिनदेहाचा क्रूस

मंगळवारची दुपार नेहमीसारखीच होती. कारंजा गावातल्या घराच्या ओसरीत गोपीचंद मिस्त्री सागाच्या तुकड्यातून येशूची बरगडी कोरत बसले होते. शेजारी सून रंजीता पटाशीला धार लावत होती. वाशीमच्या कॉलेजात ग्रंथपाल असलेली लेक नीलिमा सुट्टी म्हणून आली होती.

"बाबा, आपल्या प्रोटेस्टंटायच्या क्रुसावर कोनी नसते," नीलिमा म्हणाली.

"रंजीताच्या माहेरी असते," ते मान वर न करता म्हणाले. "कॅथलिक हाय ते. तिले प्रार्थनेत बोलाले चेहरा लागते."

नीलिमाने वाचून वाचून त्यांना किती क्रूस ऐकवले होते! रशियनांचा, पायाखालची फळी तिरपी असलेला. आर्मेनियनांचा, पालवी फुटलेला. केरळातला, कमळावर उभा. ते "अस्सं?" म्हणून ऐकत. पटाशी मात्र कधी हाती दिली नाही. "बोटं कापशीन. तू वाच." तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेल्या रंजीताला ती पहिल्याच हिवाळ्यात मिळाली.

"ताई, जेवून जा न."

"एसटी चुकते," म्हणत नीलिमा उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाचा, अनुपचा, फोन आला. बाबा झोपेतून उठलेच नव्हते.

कबरीच्या ताज्या मातीवर पहिला क्रूस लाकडाचा रोवायचा, आणि गावातला असा प्रत्येक क्रूस मिस्त्रींच्याच हातचा. त्यांचा कोण करणार? रंजीताने कोणाला न विचारता रंधा उचलला. ती त्यावर येशूचा देह लावणार, हे नीलिमाने धरूनच ठेवलं. कडक शब्द जुळवतच ती कब्रस्तानात पोचली.

रंजीताने फडकं काढलं. क्रूस रिकामा होता.

"देह नाही लावला?"

"मामाजी म्हनत, आमचा येशू उठून गेला. मंग त्यायच्या उशाशी त्याले पुन्हा कायले खिळू?"

नीलिमाने सांध्यावरून बोट फिरवलं. खिळा नव्हता, फटही नव्हती. हुबेहूब बाबांचा सांधा. भांडायला काही उरलं नव्हतं. हेवा मात्र जागचा हलला नव्हता.

माणसं पांगली. रंजीता पाण्याचा तांब्या भरून मागे येऊन उभी राहिली. कबरीशी बोलताना नीलिमाने आवाज खाली केला नाही.

"बाबा, मले वाचाले लावलं अन् हात तिचे धरले. मलेबी एक क्रूस पाह्यजे होता तुमच्या हातचा. देहाचा, बिनदेहाचा, कसाबी."